दार ठप्प वाजलं पाहिजे

६ फेब्रुवारी २००७

ही डायरी विमा एजंटने जानेवारीतच दिली होती. पहिल्या पानावर नाव, पत्ता, रक्तगट विचारलाय. रक्तगट माहीत नाही म्हणून महिनाभर लिहायलाच घेतलं नाही. आज ते पान सोडून दिलं.

लिहायचं कारण एकच. मी आणि जयदेवदादा मिळून एक वस्तू बनवतोय. उद्या कोणी म्हणालं की हे मुकेशने केलंच नाही, तर माझ्याकडे तारीख पाहिजे. दादा माणूस चांगला आहे. पण सिल्वासाला ज्याने मला टोपी घातली तो पण चांगलाच होता.

दादाचं गॅरेज चिखलोलीला, अंबरनाथ-बदलापूर रोडवर. ठोकलेल्या गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग. मी दिवाळीनंतर आलो तिथे. त्याआधी टेम्पो, त्याआधी केटरर्स, त्याआधी धाग्याची कंपनी. आयटीआय एक वर्ष. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे, आणि ती भिंगरी पण अर्धवटच फिरते.

वस्तू म्हणजे नोझल. कंपनीच्या गाडीचं दार लावलं की 'ठप्प' वाजतं. ॲक्सिडेंटनंतर नवा पत्रा बसवला की तेच दार 'टण्ण' वाजतं, तेलाच्या रिकाम्या डब्यासारखं. कंपनी पत्र्याला आतून एक काळा, डांबरासारखा घट्ट माल मारते, त्याने पत्र्याचा आवाज मरतो. आम्ही तो माल ब्रशने फासतो. पण दाराच्या पोटात हात अर्धाच जातो. जिथे हात जात नाही तिथे पत्रा कोरडा.

बदलापूरच्या शोरूमचे वर्कशॉप मॅनेजर भोईर साहेब म्हणाले, दाराच्या आत एकसारखा पट्टा मारून दाखवा, मग आमच्या ठोकलेल्या सगळ्या गाड्यांची दारं तुमच्याकडे. एप्रिलच्या शेवटी डेमो.

दादा म्हणाला, "डोकं तुझं, हात माझा. काम लागलं तर भागीदार. नाही लागलं तर तू तुझा भटकायला मोकळा."

भागीदार हा शब्द तो जरा जास्तच मोठ्याने बोलला. का?

११ फेब्रुवारी

पहिलं नोझल फेल. लांब नळी, टोक वाकवलेलं, गोल भोक. माल सुतळीसारखा बाहेर आला आणि दाराच्या तळाशी गुंडाळी करून बसला. दादा म्हणाला, "शेव पाडलीस."

घरी आईच्या सोऱ्याच्या चकत्या काढून बसलो. शेवेची, चकलीची, आणि एक पापडीची, लांब फट असलेली. पापडीचीच पाहिजे! आई ओरडली, "ती चकती गॅरेजात गेली तर तू पण तिकडेच जेव." नेली नाही. मापं कागदावर उतरवून घेतली. मग त्या कागदावर चहा सांडला.

२० फेब्रुवारी

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या लेथवाल्याकडून फटीचं नोझल पितळेत करून घेतलं. त्याचं दुकान शोधताना दाल-पकवानच्या गाडीवर थांबलो, तिथे एकाशी गोव्याच्या बोटींबद्दल बोलणं निघालं. संध्याकाळ तिथेच झाली. नोझल उद्या मारून बघू.

२२ फेब्रुवारी

पट्टा आला! पण मधे जाड, दोन्ही कडांना पातळ. घट्ट माल फटीच्या मधून धावतो, टोकांना रेंगाळतो. म्हणजे टोकं जरा रुंद पाहिजेत, डमरूसारखी. कानस घेऊन बसलो.

एक गोष्ट लिहून ठेवतो. पट्टा सुकल्यावर दादा म्हणाला, "तू वाजव. तू सांग कसा वाजतो." मी बोटाच्या पेराने ठोकलं. तो पलीकडून पत्र्याला तळहात लावून उभा राहिला, डोळे मिटून, बाबा लोक उभे राहतात तसा. वीस वर्षं पत्रा ठोकणारा माणूस, आणि आवाज मी सांगायचा? नंतर काही चुकलं तर 'मुकेश म्हणाला होता' असं बोलायला मोकळा. मी फक्त "ठीक" म्हणालो. जास्त सांगितलंच नाही.

३ मार्च

दादाने त्याचा मोबाईल मला दिला. "गिऱ्हाइकाशी तूच बोल, तुझी जीभ चालते."

असा कोणी आपला मोबाईल देतो? कोणापासून तरी लपतोय. मी दिवसभर प्रत्येक फोन नीट ऐकला. एक पेंटवाला, एक रिक्षावाला, दोन राँग नंबर. बाईचा आवाज एकच, संजीवनी वहिनींचा. त्या म्हणाल्या, "त्यांना द्यायची गरज नाही, भाजी आणा एवढंच सांग." नवरा चार पावलांवर, आणि त्याला फोन द्यायची गरज नाही! घरात पण काहीतरी आहे.

१० मार्च

आमच्या गनला, म्हणजे नोझल लावलेल्या नळीला, घोडा नाही. माल मोठ्या पॉटमध्ये भरलेला असतो, कॉम्प्रेसरच्या हवेने तो नळीत ढकलला जातो. चालू-बंद करायचा कॉक पॉटवरच. म्हणून मी दाराच्या पोटात हात घालून नोझल सरकवतो आणि दादा पाठीमागे कॉकवर बसतो. मी "चालू" ओरडलो की चालू, "बंद" म्हटलं की बंद.

आज दादाने सुतळी आणली. एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं त्याच्या. "ओरडायचं नाही. एकदा ओढलं की चालू, दोनदा ओढलं की बंद."

"का? ओरडलो तर काय होतं?"

"कॉम्प्रेसरचा आवाज केवढा असतो."

कॉम्प्रेसर काय आज आणला? शेजारच्या वेल्डिंगवाल्याला काही ऐकू जाऊ नये, हे खरं कारण असणार. पण आमच्या "चालू-बंद"मध्ये चोरून ऐकण्यासारखं आहे काय? दोरीला बांधलेल्या बकरीसारखं वाटलं. वेल्डिंगवाला धोंडिबा खदाखदा हसला, "कोण कोणाला चरायला नेतंय?"

१५ मार्च

गुरुवार. गेले तीन-चार गुरुवार दादा दुपारी उल्हासनगरला जातो. "पेंटचं सामान आणतो." परत येतो हात हलवत. आज मी मागून गेलो.

कॅम्प तीन, पेसूमलचं दुकान आहे ती बिल्डिंग. पेसूमल म्हणजे स्प्रे गन, पाइप, कॉक यांचा मोठा व्यापारी. दादा दुकानाच्या बाजूच्या जिन्याने वर गेला. मी समोर लस्सी घेऊन उभा. जिन्यावर पाट्याच पाट्या: दातांचा दवाखाना, ब्युटी पार्लर, कान-नाक-घसा, टायपिंग क्लास, पेसूमल गोडाऊन. दात तर त्याचे घोड्यासारखे आहेत. पार्लरमध्ये तो जाणार नाही. राहिलं गोडाऊन!

तासाभराने उतरला. तोंड उतरलेलं. पेसूमलने भाव पाडून मागितला असणार. माझ्या नोझलचा भाव.

२३ मार्च

परीक्षा घेतली. दादा पाठमोरा बसून पत्र्याच्या खड्ड्यांवर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, हात मारत होता. कॉम्प्रेसर बंद. मी मागे जाऊन साध्या आवाजात म्हणालो, "दादा, नोझल चोरीला गेलं."

हलला नाही. लांबीचा हात सुद्धा थांबला नाही.

ज्याला माहीत नाही तो दचकेल. ज्याला आधीच माहीत आहे की नोझल जाणार, तोच असा शांत बसेल. मला आता दुसरा पुरावा नको.

तेव्हापासून नोझल रोज घरी नेतो, तांदळाच्या डब्यात ठेवतो. आईला पितळेचा तुकडा सापडला. म्हणाली, "भातात दात गेला असता रे, मेल्या."

२ एप्रिल

टोकं रुंद केलेलं पाचवं नोझल. पट्टा एकसारखा, धारेला सरळ, पट्टीने आखल्यासारखा. तिरपे तीन पट्टे मारले आणि दार लावलं. ठप्प. परत उघडलं, परत लावलं. ठप्प. सबंध दार काळं करायची गरजच नाही, तीन पट्ट्यांत काम! मी नाचलो. दादा माझ्याकडे बघून हसला, मग दार स्वतः लावून बघितलं, आणि माझ्याच तोंडाकडे बघत राहिला.

"झालं ना?" म्हणाला.

मला विचारतो! स्वतःच्या तोंडाने चांगलं म्हणायला याचं काय जातं? तारीफ केली तर हिस्सा द्यावा लागेल, ही भीती.

१४ एप्रिल

जयंती. आमच्या बुवापाड्यात सकाळपासून निळे झेंडे, खीर, आणि संध्याकाळी डीजेचा ट्रक. दादा आला होता, मांजर्लीहून, वहिनींना घेऊन. आईला नमस्कार केला, खीर दोनदा घेतली. आई म्हणाली, "माणूस बघ कसा पोटभर खातो. असा माणूस लबाड नसतो."

आईला काय कळतं.

मिरवणुकीत पोरांनी एवढा आवाज केला की म्हाताऱ्या कान धरून आत पळाल्या. आणि दादा? सरळ ट्रकपाशी गेला, स्पीकरच्या खोक्याला पाठ लावून उभा राहिला. तोंडभर हसत. मी ओढायला गेलो तर म्हणाला, "राहू दे रे. छातीत वाजतंय बघ!" वहिनी लांबून बघत होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी. धुरळा फार होता.

आमच्या वस्तीत येऊन असं मिसळायचं, आईला पटवायचं. मोठा प्लॅन आहे याचा.

२७ एप्रिल

डेमो झाला. हात अजून काळे आहेत, केरोसीनने पण निघत नाहीत.

शोरूमचं वर्कशॉप, पांढऱ्या टाइल्स, सगळे मेकॅनिक गोल करून उभे. भोईर साहेब पॉलिश केलेले बूट घालून. दादाने खिशातून सुतळी काढली. मी म्हणालो, "साहेबासमोर नको. माकडवाले वाटू आपण. मी ओरडतो." तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात साहेब आले.

पहिलं दार एक नंबर. मी "चालू" म्हणताना मान मागे वळवली होती, दादा माझ्याकडेच बघत होता. पट्टे मारले. साहेबांनी दार लावलं, ठप्प. म्हणाले, "वा!"

दुसऱ्या दाराला दादाची नजर पॉटवरच्या प्रेशरच्या काट्यावर होती, काटा जास्त चढला होता. माझा हात दाराच्या आत खांद्यापर्यंत. पट्टा संपला. "बंद!" माल येतच राहिला. "बंद! दादा, बंद!" चौथ्यांदा तर मी आईचं नाव घेऊन ओरडलो. धावत एका मेकॅनिकने कॉक फिरवला. तोवर दार काठोकाठ भरलं होतं, काच अडकली होती, आणि खालच्या भोकांतून काळी धार साहेबांच्या बुटावर.

साहेब म्हणाले, "हे दार आहे का पुरणपोळी? पोटात भरताय ते?"

सगळे हसले. दादा मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणाला, "दोरी का नाही बांधलीस?"

माझं डोकं फिरलं. "चार वेळा ओरडलो! बहिरा आहेस काय?"

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. कॉकपासून उठला, हात पुसले आणि गेटबाहेर निघून गेला. पॉट, पाइप, सगळं मी एकट्याने टेम्पोत चढवलं.

मुद्दाम केलं त्याने. डेमो पडला की नोझल पेसूमलकडे स्वस्तात जाणार.

२८ एप्रिल

ठरवलं, तो विकायच्या आत मीच विकतो. नोझल खिशात घालून पेसूमलकडे गेलो. तो गल्ल्यावर बसून पापड खात होता.

"शेठ, जयदेव चिखलोलीवाला तुमच्याकडे येतो ना?"

"आता है ना. हर गुरुवार. उपर काम रहता है उसका, उतरते टाइम इधर बैठता है."

"माझ्या नोझलचं काय बोलला?"

"नोझल?" पेसूमल हसला. "साईं, नोझल का नाही, तेरा बोला. बोला, एक लडका है, दिमाग तेज है, टिकता नाही कुठे, पण हाथ में चीज पकडली तो छोडता नाही. कदाचित गॅरेज बंद करावं लागेल, तो इसको अपने यहाँ रख लो. मैं बोला, भेज दे."

मी नोझल दाखवलंच नाही. तसंच खिशात ठेवून पायऱ्या उतरलो. म्हणजे मला काढायचं आधीपासूनच ठरलं होतं! गॅरेज बंद करणार, मला इथे फेकणार, आणि नोझल घेऊन हा दुसरीकडे मोकळा. उद्या मांजर्लीला त्याच्या घरी जाऊन तोंडावर विचारतो.

२९ एप्रिल

गेलो. बेल दाबली तर आत आवाज नाही, खिडकीत लाल बल्ब लागला. वहिनींनी दार उघडलं. दादा नदीकडे गेला होता.

मी उभ्या-उभ्याच सुरू झालो. मोबाईल, गुरुवार, पेसूमल, डेमो, सगळं. म्हणालो, वहिनी, मी लहान नाही, मला फसवायचं असेल तर नीट तरी फसवा.

वहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चहा ठेवू का आधी?"

"चहा नको. उत्तर पाहिजे."

"त्यांना ऐकू येत नाही, मुकेश."

मी म्हणालो, "काय ऐकू येत नाही?"

"काहीच. डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला, पत्रा ठोकून ठोकून. उजवा आता चाललाय. गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जातात. तो म्हणाला, मशीन लावून थोडंफार येईल, जास्त नाही." त्यांनी पदराने ओटा पुसला, पुसलेलाच परत पुसला. "कोणाला सांगू नको म्हणाले. दाराचा आवाज बरोबर करून देणारा माणूस, त्यालाच आवाज येत नाही म्हटल्यावर गाडी कोण देईल? हसतील ना लोक."

"मला तरी सांगायचं."

"तुलाच तर सांगायचं नव्हतं. तू सोडून जाशील म्हणाले."

चहा झाला तरी दादा आला नाही. मी थांबलो पण नाही. वहिनींनी थांब म्हटलं होतं.

घरी येऊन ही डायरी पहिल्या तारखेपासून वाचली. अर्ध्यात मिटली.

१ मे

सुट्टी. गॅरेज बंद. दिवसभर काही केलं नाही. वांगणीच्या बाजूला उगाच चालत गेलो, एका फार्महाऊसच्या कुंपणावर मोर बसला होता, तो बघितला. त्याने तोंड उघडलं की केवढा आवाज येतो.

२ मे

गॅरेजला गेलो. दादा होता. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही, एका व्हॅनचं बोनेट उतरवलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. भोईर साहेब! मी सवयीने बाहेर रस्त्यावर गेलो.

"मुकेश, पहिलं दार मी परत बघितलं. पट्टा कंपनीपेक्षा बरा आहे. तू आमच्याकडेच ये, वर्कशॉपमध्ये. कॉक नळीच्या टोकाला, तुझ्या हातातच बसव. म्हणजे मागे दुसरा माणूस लागणारच नाही. तो बहिरा नको, सेफ्टीचा प्रश्न आहे."

"साहेब, तुम्हाला कसं कळलं?"

"अरे, दहा मिनिटांत कळलं. तू एवढे महिने काय करत होतास?"

मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

खरंच केला विचार. हातात कॉक! इतकं साधं मला का सुचलं नाही? एक स्प्रिंग, एक छोटी सुई, अंगठ्याने दाबायचा खटका. एकट्याचं काम होतं. टाइल्सच्या वर्कशॉपमध्ये, युनिफॉर्म घालून. खोटं कशाला लिहू, संध्याकाळपर्यंत खटक्याचं चित्र पण काढून झालं होतं.

४ मे

आज सकाळी दादाने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "परवा फोन कोणाचा होता?"

"गिऱ्हाईक."

"गिऱ्हाइकाशी बोलायला रस्त्यावर जातोस? पाठ करून उभा होतास. मला तोंड दिसू नये म्हणून?"

त्याचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. हा चेहरा कोणाचा ते मला लगेच ओळखता आलं. गेले तीन महिने माझा होता.

"संजूने सांगितलं तुला," तो म्हणाला. "म्हणजे आता तुला माहीत आहे. आता माझ्यासमोर काय पण बोलशील, मला काय कळणार? काल धोंडिबाशी हसत होतास. माझ्यावर हसत होतास?"

"नाही दादा. त्याच्या चड्डीला वेल्डिंगने भोक पडलं."

"खरं?"

"जाऊन बघ. अजून तीच घातलीय."

तो बघायला गेला नाही. म्हणाला, "फोन."

खोटं बोलता आलं असतं. काय पण सांगितलं असतं तरी त्याला कधी कळलं नसतं. मी त्याच्यासमोर ड्रम ओढून बसलो आणि सांगितलं. पट्टा कंपनीपेक्षा बरा. एकटा ये. दुसरा माणूस नको. बहिरा नको, हे पण सांगितलं, तेव्हा त्याने एकदाच पापणी हलवली.

"आणि तू काय म्हणालास?"

"विचार करून सांगतो म्हणालो."

"केला?"

"केला. खटक्याचं चित्र पण काढलं."

"दाखव."

दाखवलं. त्याने चित्र उजेडाकडे धरून बराच वेळ बघितलं. "स्प्रिंग मालात चिकटेल. बाहेरून घे." मग कागद मला परत दिला. "चांगलं आहे. हे झालं की माझं काम संपलं."

"दार उतरवणार कोण? पत्रा सरळ कोण करणार? मला आजपर्यंत एक तरी खड्डा काढता आलाय का? वाकड्या पत्र्यावर पट्टा मारू?"

"शोरूममध्ये आहेत की डेंटर."

"आहेत. त्यांनी केलेली दारं मी तिथे बघितली. तू बघितलीस तर रडशील."

त्याच्या मिशीखाली थोडं हललं. हसला असं लिहिणार नाही, नक्की माहीत नाही.

मी मोबाईल काढला आणि तिथेच, त्याच्यासमोर बसून नंबर लावला. साहेबांनी उचलल्यावर एकेक शब्द तोंड मोठं उघडून, सावकाश बोललो, दादाला दिसेल असा. "साहेब. दारं. आमच्या. गॅरेजला. पाठवा. पत्रा. जयदेव. करणार. पट्टा. मी. मारणार. कॉक. हातात. बसवतो. सेफ्टीचं. टेन्शन. नाही. पण. एकटा. येणार. नाही."

मग साहेब म्हणाले, "तुझी तब्येत बरी आहे ना?" आणि मग, "एक दार पाठवतो. एकच. बघू."

फोन ठेवला. दादाला सांगितलं, "एक दार पाठवतोय. म्हणाला बघू."

"नक्की 'बघू' म्हणाला? का तू माझ्यासाठी गोड केलंस?"

"'बघू' काय गोड आहे?"

ते त्याला पटलं. पाना उचलून तो बोनेटकडे वळला, मग परत माझ्याकडे फिरला.

"फोनवर असं तोंड वेंगाडून कोण बोलतं रे? त्याला वाटलं असेल, पोराला लकवा मारला."

"त्याला कुठे दिसतंय, दादा."

"मला दिसतंय ना," तो म्हणाला. "दात घासत जा."